पेंढरगोट्याची बोली

“बाई, तेंदूचं पान म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवाले?” वासेकर मुनीम हसत हसत म्हणाले, आणि गोटुलात बसलेल्या अख्ख्या गावाने माझ्याकडे पाहिलं.

 माझे डोळे रस्त्याकडे लागले होते. आमच्या पेंढरगोट्याच्या तेंदूपानाचा, म्हणजे बिडीच्या पानाचा, त्या दिवशी लिलाव होता. पेपरात जाहिरात दिली होती, व्यापाऱ्यांना पत्रं गेली होती. गोटूल म्हणजे आमचं सभेचं घर. त्याच्यापुढचं अंगण बायांनी सारवलं होतं आणि शाळेतून खुर्च्या आणून मांडल्या होत्या. त्यातल्या एकाच खुर्चीवर माणूस होता. गुंडेवार सेठचे मुनीम, वासेकर.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी ग्रामसभेची अध्यक्ष होते. त्याआधी जंगल आमचं, तोडणारे हात आमचे, पण पान विकायचं सरकारने आणि घ्यायचं सेठने, अशी रीत होती. मग कायदा झाला आणि आमच्यासारख्या आदिवासी गावांच्या ग्रामसभेला स्वतःचं पान स्वतः विकता येऊ लागलं. आलेल्या पैशातून तोडणाऱ्यांची मजुरी द्यायची आणि उरेल ते सभेच्या कोशात टाकायचं. गावाची स्वतःची अशी ती पहिली कमाई होणार होती. तोवर हातपंपाचा दांडा बदलायचा म्हटलं तरी आम्हाला तालुक्याला अर्ज घेऊन जावं लागे.

“दुसरं कोणी येत नाही,” वासेकर म्हणाले. “येणार असते तर आले असते. सेठचा भाव सांगून राहिलो मी. शेकड्याला दोनशे. त्यातच मजुरी, त्यातच तुमच्या सभेचं काय ते.”

शेकडा म्हणजे बांधलेल्या पानांचे शंभर पुडके. दोनशे ही तर नुसती मजुरीच होती. ती वाटली की कोशात एक दमडी उरणार नव्हती.

“मुनीमजी, गेल्या साली तर सरकारला ह्याच्यावर रॉयल्टी देत होता तुम्ही,” मी म्हटलं.

“सरकार मोठं आहे, बाई. तुम्ही नवीन दुकानदार.” ते उठले. “संध्याकाळपर्यंत बाजूच्या हेटाळकशाला, सेठच्या फळीवर आहो मी. निरोप धाडा. पान काही तुमच्यासाठी कोवळं राहत नाही.”

जीपची धूळ खाली बसली. मग सगळे एकदम बोलू लागले. आमच्याकडे हात वर करून मोजायची पद्धत नाही. शेवटचा माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत सभा उठत नाही. एकाचा नकार असला तरी त्याचं म्हणणं ऐकत बसायचं.

जैराम गायता, म्हणजे आमच्या गावाचे पुजारी आणि वयाने सर्वांत मोठे, म्हणाले, “पान आपण तोडू. गिऱ्हाईक शोधू.”

“आणि नाही मिळालं तर?” मानकू हलामीने विचारलं. मानकूचं घर मोठं, तोडणारे हात पुष्कळ, म्हणून त्याची भीतीही मोठी. “आणि मिळालंच, तर मजुरी देऊन उरलेलं कोशात कशाला? तेही वाटून टाका. सभेला काय पोट आहे?”

बायांमध्ये कुणी हसलं. पण हसू टिकलं नाही. एकेक जण ‘तोडू’ म्हणत गेला. मानकूही कुरकुरत ‘हो’ म्हणाला. शेवटी एकच माणूस उरला. माझा नवरा, सैनू.

सैनू कितीतरी वर्षं गुंडेवार सेठचा मुंशी होता. फळीवर, म्हणजे पान वाळवायच्या मैदानावर, उभं राहून पुडके मोजून घ्यायचे, हे त्याचं काम. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. तो जमिनीकडे बघत होता.

“देऊन टाका,” तो म्हणाला. “मी सेठला ओळखतो. त्याने एकदा सांगून ठेवलं की ह्या भागात दुसरा कोणी व्यापारी पाऊल टाकत नाही. पान सडेल.”

“हे तू सांगतोस की सेठ?” मागून कोणी तरी म्हणालं.

 मी सैनूची बाजू घेतली नाही. मी अध्यक्ष होते, आणि त्या क्षणी मलाही तोच प्रश्न पडला होता.  बाया उठून लेकरांना पाणी पाजून आल्या. मग तो म्हणाला, “मी अडवत नाही. तोडा. पण मी हेटाळकशाला सेठच्या फळीवर जाणार. घरात एकाची तरी मजुरी पक्की पाहिजे.”

सभेचा ‘हो’ झाला. घरी मात्र त्या दिवसापासून आम्ही कामापुरतं बोलू लागलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया जंगलात गेल्या. दुपारपर्यंत पानांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन परतायच्या, सावलीत बसून पुडके बांधायच्या, आणि संध्याकाळी ते फळीवर रांगेत उलथे घालून ठेवायच्या. दरवर्षी त्या रांगा बघून बरं वाटायचं. त्या वर्षी प्रत्येक रांगेबरोबर मी द्यायच्या मजुरीचा हिशेब करत होते. बायांचे हात डिंकाने काळे झालेले दिसायचे आणि वाटायचं, हे सगळं माझ्या शब्दावर चाललंय. पैसे कुठून देणार आहे मी?

फोनला रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर यायची. रोज ऊन उतरलं की मी वर चढायची आणि जाहिरातीसाठी गोळा केलेल्या नंबरांवर फोन लावायची. कुणी म्हणायचं ‘बघतो’, कुणी ‘कळवतो’, कुणी गावाचं नाव ऐकूनच ठेवून द्यायचं. एकाने तर सरळ सांगितलं, “गुंडेवारांच्या वाटेत आम्ही येत नाही, ताई.”

शेवटी गोंदियाकडचे हरिणखेडे नावाचे एक व्यापारी बोलले. आवाज म्हातारा, चिडका.

“पान कसं आहे?”

“चांगलं आहे जी. कोवळं, मोठं.”

“सगळेच चांगलं म्हणतात. शुक्रवारी येतो. पण ऐकून ठेव, भिजलेलं, डागाळलेलं पान मी घेत नाही. एक पुडकं जरी ओलं दिसलं, तर गाडी वळवीन.”

टेकडीवरून मी धावतच खाली आले. गावाला सांगितलं. सैनूलाही सांगितलं. तो जेवत होता. “हरिणखेडे येतो म्हणाला?” त्याने एवढंच विचारलं आणि ताटातला घास तसाच ठेवून बाहेर बघत राहिला. तो काय विचार करतो आहे ते मला कळेना, आणि खरं सांगते, त्याने हेटाळकशाला जाऊन हे सांगितलं तर, ह्या भीतीने मला झोप लागली नाही.

गुरुवारी दुपारी आभाळ भरलं.

वैशाखात आमच्याकडे असं एखादं वादळ येतं. आधी वारा पडला, गुरं हंबरायला लागली, आणि पहाडामागून काळं काही तरी चढत वर आलं. फळीवर अख्ख्या गावाचं पान उघडं पडलं होतं. सेठच्या फळीवर ताडपत्र्या असतात. आमच्याकडे नव्हत्या, कोशच रिकामा, तर ताडपत्री कुठली?

“घरात भरा!” जैराम गायता ओरडले. “जो ज्या घराजवळ असेल त्याने त्या घरात भरा! कोणाचं कुठलं ते मग बघू. आणि चुली विझवा! एकाही घरात विस्तव राहता कामा नये!”

मी दारोदार पळत तेच ओरडत गेले. टोपल्या, लुगडी, खाटा, जे हाती लागेल त्यात पुडके भरून माणसं धावत होती. वाळलेलं पान म्हणजे कागद. घरं आढ्यापर्यंत भरली. बायांनी चुलींत पाणी ओतलं, लेकरांना बाहेर काढलं. फळी रिकामी होत आली तेव्हा वारा सुटला. असा की उभं राहता येईना.

आणि गल्लीच्या टोकाकडून किंकाळी आली.

झुरीआजीचं घर पेटलं होतं. झुरीआजी एकटी राहायची, साठी कधीच उलटलेली. तिने चूल विझवली होती, पण जुन्या बाया करतात तसं एक निखारा राखेखाली झाकून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी आगपेटीची काडी लागू नये म्हणून. वाऱ्याने राख उडवली. आत मानकूच्या घरचे आणि इतर दोघांचे पुडके भरलेले. आम्ही पोचलो तोवर आजी अंगणात होती आणि दारातून ज्वाळा बाहेर येत होत्या.

झुरीआजीच्या घराला लागून आमचा गवताने शाकारलेला गोठा, गोठ्याला लागून आमचं घर, पुढे सगळी ओळ. आणि प्रत्येक घरात आढ्यापर्यंत पान.

 पान जाईल, घरं जातील, आणि हे सगळं ज्या सभेने ठरवलं तिची अध्यक्ष मी. दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात कोणी तरी मला बाजूला ढकलून गेलं. सैनू. हेटाळकशाहून धावत आलेला, छाती भात्यासारखी चाललेली. एका उडीत तो गोठ्याच्या छपरावर चढला आणि दोन्ही हातांनी गवत उपसून खाली फेकायला लागला.

“गोठा पाडा!” तो वरून ओरडला. “दोर टाका! खांब ओढा!”

मानकूने दोर टाकला. माझ्यासकट सगळ्यांनी ओढला. सैनूने उडी मारली आणि गोठा कडाडून आडवा झाला. गवत आम्ही लांब ओढून नेलं. ज्वाळा त्या मोकळ्या जागेपर्यंत आल्या, तिथे चाटत राहिल्या, आणि मग पाऊस आला. ज्याच्या भीतीने आम्ही ऊर फुटेपर्यंत धावलो, त्याच पावसात उभं राहून सगळं गाव रडत होतं, हसत होतं.

सैनूचे तळहात भाजले होते. मी पाणी ओतत होते तेव्हा विचारलं, “तिकडचं पान?”

“झाकून आलो,” तो म्हणाला. “म्हणून उशीर झाला.”

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. कोणाच्याही घरात चूल पेटली नव्हती. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली एकच मोठी चूल मांडून सगळ्यांची आंबील शिजत होती. हरिणखेडे आले ते तिथेच. मागून वासेकरांची जीप. आग लागल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“ऐकलं, बाई,” वासेकर म्हणाले. “वाईट झालं. सेठ म्हणाले, जे उरलं असेल ते घेऊन टाका. दीडशेनं.”

हरिणखेड्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी टेकत ते एका घरात शिरले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ढिगात कोपरापर्यंत हात घालून पुडकं काढायचे, कानाशी नेऊन दाबायचे, हुंगायचे. सगळं गाव त्यांच्यामागून चाललेलं.  एका घरात त्यांनी पुडकं हुंगून माझ्यापुढे धरलं.

“धुराचा वास आहे.”

“आहे जी,” मी म्हटलं. “शेजारचं घर जळलं.”

“आणि हे कोरडं कसं राहिलं?”

मी सांगितलं. त्यांनी पडलेल्या गोठ्याकडे पाहिलं, राख झालेल्या घराकडे पाहिलं, मग पुडकं ढिगात परत ठेवलं.

“अडीचशे,” ते म्हणाले.

वासेकरांचा चेहरा बदलला. ते जीपकडे गेले, टेकडीवर चढले, फोनवर सेठशी बोलून धापा टाकत परत आले. “दोनशे सत्तर.”

“दोनशे नव्वद,” हरिणखेडे.

आठवड्यापूर्वी ज्या अंगणात रिकाम्या खुर्च्या मांडून आम्ही वाट पाहिली, तिथे न होऊ शकलेला लिलाव आता जळक्या गल्लीत, उभ्या उभ्या सुरू झाला होता. कोणी बसलं नव्हतं.  वासेकर आणखी एकदा टेकडीवर जाऊन आले. आकडे चढत गेले. 

“तीनशे चाळीस,” वासेकर शेवटी म्हणाले. आवाज बसला होता.

हरिणखेड्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. “मला परवडत नाही. घ्या तुम्ही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुढच्या सालीही फोन कर, पोरी. यायला मला आवडेल.”

तर पान गेलं शेवटी गुंडेवार सेठकडेच. तोच सेठ, तेच मुनीम, तेच ट्रक. फक्त भाव वेगळा, आणि पैसे मुनीमजींच्या पिशवीतून नाही, सभेच्या खात्यात येणार होते.

“चल सैनू, मोजून घे,” वासेकर सवयीने म्हणाले.

सैनूच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. तो जागचा हलला नाही. “तुमचा माणूस आणा, मुनीमजी. मी सभेकडून उभा राहणार आहे.”

“विचार करून बोल. सेठ पुन्हा ठेवणार नाही.”

“केला विचार.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पुडके वेचणाऱ्या बायांच्या बाजूला जाऊन तो उभा राहिला.

पैसे जमा झाले तेव्हा पुन्हा सभा भरली. मजुरीचं लवकर आटपलं. जळालेलं पान विकलेल्यासारखंच धरायचं, ते ज्यांचं होतं त्यांना मजुरी द्यायची, ह्यावर कोणी वाद घातला नाही. मग झुरीआजी उठली. आगीपासून ती कुणाशी बोलली नव्हती. ज्याच्या ओसरीवर जागा मिळेल तिथे झोपायची. तिने गळ्यातली चांदीची सरी काढली आणि सभेच्या मध्यभागी ठेवली.

“माझ्या निखाऱ्याने तुमचं पान गेलं,” ती म्हणाली. “हे घ्या.”

“आजी, उचल ते,” जैराम गायता म्हणाले. “कोशात पैसा आहे. तुझं घर कोशातून उभं करू. बोला, कबूल?”

‘हो, हो’ होत गेलं आणि मानकूपाशी थांबलं.

“मी ‘हो’ म्हणत नाही,” मानकू म्हणाला. “पान जळलं त्याचं मिळालं, ते ठीक. पण चुली विझवा म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं. हिने ऐकलं नाही. उद्या कोणी दारू पिऊन घर जाळेल, तेही बांधायचं का? पहिल्यांदा पैसा आलाय. ह्याची वाट अशीच लावायची?”

राग यावा असं तो काही बोलला नव्हता.  झुरीआजी म्हणाली, “नको मला घर,” आणि सरी तशीच पडून राहिली. कोणी उठलं नाही. ऊन गोटुलाच्या एका खांबावरून दुसऱ्यावर सरकलं. एक जण बोलायचा, मग दुसरा. मानकू मान खाली घालून गवताची काडी तोडत बसला होता. मला वाटलं, आगीतून जे वाचलं ते आता इथे, सभेत मोडणार.

सैनू बोलला. “मानकू, माझा गोठा पाडला तेव्हा दोर तू टाकलास. आग कोणामुळे लागली ते विचारलं नाहीस.”

“विचारायला वेळ होता का?”

“नव्हता. आणि मला गोठ्याचं काही वाटलंही नाही. पण गोठा कोणाचा गेला आणि वाचलं कोणाचं, हे कसं मोजायचं ते मला येत नाही. एवढी वर्षं मोजायचंच काम केलं मी.”

मानकूने काडी टाकून दिली.  मग उठला, सरी उचलून आजीच्या मांडीवर ठेवली आणि जाता जाता म्हणाला, “बांबू माझ्या घरामागच्या बेड्यातले न्या. त्याचे पैसे नकोत. बाकी छपराचे कवेलू, मजुरी, ते कोशातून करा.”

“म्हणजे ‘हो’ का?” मी विचारलं. सभेची अध्यक्ष म्हणून मला ते विचारणं भाग होतं.

“दुसरं काय म्हणतोय मी!” तो चिडून म्हणाला, आणि सभा उठली.

मृग लागायच्या आत घर झालं. सगळ्या गावाने मिळून कवेलू चढवले. त्यानंतर काही दिवसांनी ग्रामसेवक आले. हातात फाइल, घामाघूम. गावात नवीन घर दिसलं म्हणून चौकशी करायला.

“हे कोणत्या योजनेतलं?” त्यांनी दारात बसलेल्या झुरीआजीला विचारलं. “मंजुरी कोणी दिली?”

आजीला मराठी फार येत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्न गोंडीत सांगितला. तिने थोडा विचार केला आणि मग मानकूपासून सुरुवात करून एकेका घरातल्या माणसाचं नाव घ्यायला लागली. ग्रामसेवक लिहू लागले. अर्ध्या गावानंतर त्यांनी पेनाला टोपण लावलं. आजी मात्र थांबली नाही.